कुणाच्या झोपेसाठी?

कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी बदलायच्या वेळी रस्ता माणसांनी भरून जातो. सूतगिरण्या, फाउंड्र्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं. एका फाटकातून थकलेली माणसं बाहेर पडतात, दुसऱ्या फाटकातून हातात डबा घेतलेली आत जातात. सांगली आणि मिरज या दोन जुन्या शहरांच्या शेजारचं हे गाव कारखान्यांमुळं वाढलं आणि ९ फेब्रुवारी १९९८ला तिघांची मिळून एक महानगरपालिका झाली. मिरज तर दवाखान्यांचंच शहर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आजही कर्नाटकातून पेशंट तिथं उतरतात. कुपवाडच्या माणसाला डॉक्टर तसा हाकेच्या अंतरावर आहे. अडचण वेळेची आहे. दवाखान्यात गेलं की पाळी बुडते, आणि पाळी बुडली की खाडा पडतो.

अशा एका घराची कल्पना करू. वडील फाउंड्रीत, आई पॅकिंगला, आजी जतकडच्या गावी. एका खोलीत राहणारं हे कुटुंब. मुलगा साडेतीन वर्षांचा. तो जेवायला एका जागी बसत नाही, रात्री अकरापर्यंत झोपत नाही, बालवाडीत शेजारच्या पोराला चावतो. "नुसतं पळतंय बघा, काय सांगितलं तर ऐकतच न्हाई," असं आई सांगते. बालवाडीच्या बाई दोन महिने सोसतात आणि मग म्हणतात, "एकदा डॉक्टरांना दाखवा. आता यावर गोळ्या मिळतात." घर कल्पनेतलं आहे; बाईंचं हे वाक्य मात्र आज कुठल्याही बालवाडीच्या दारात ऐकू येऊ शकतं.

या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. गोळी घेणार एकजण, मागणार दुसरा, लिहून देणार तिसरा. मोठ्या माणसाला उदास वाटतं, झोप लागत नाही, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडं जातो आणि आपलं दुःख आपल्या तोंडानं सांगतो. साडेतीन वर्षांचं मूल तक्रार घेऊन येत नाही. बहुतेक वेळा तक्रार त्याच्याबद्दल असते. बालमानसोपचारातली सगळ्यात अवघड नैतिक गाठ मला इथं दिसते. जे औषध मुलाच्या वाढत्या मेंदूवर काम करणार, ते मुलाचा त्रास कमी करण्यासाठी दिलं जातंय की त्याच्याभोवतीच्या दमलेल्या माणसांचा?

हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरणगावात उभा होता आणि तेव्हा त्याचं नाव होतं बाळागोळी. गिरणीत दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला तान्ह्याला बरोबर नेता येत नसे. ते चाळीतल्या शेजारणीकडं किंवा थोरल्या भावंडाकडं राही. दूध नाही, आई नाही, म्हणून मूल रडे. कामावर जाण्याआधी त्याला अफू घातलेली बारीक गोळी दिली की ते दिवसभर गुंगीत पडून राही. सरकारच्या लेबर ऑफिसनं नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२मध्ये गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, आणि त्या बायकांच्या १०० तान्ह्यांपैकी ९८ जणांना अफू दिली जाते, असं नोंदवलं. पुढं जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगानं, ज्यात ना. म. जोशी सदस्य होते, १९३१च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरं हवीत असं सांगितलं.

त्या आयांना निर्दयी म्हणणं सोपं होतं, आणि तसं म्हणणारे तेव्हाही असणारच. पण १०० पैकी ९८ आया एकच गोष्ट करतात, तेव्हा तिचं कारण आईच्या मनात शोधून सापडत नाही. ते गिरणीच्या भोंग्यात, चाळीच्या खोलीत आणि पगाराच्या दिवशी हातात पडणाऱ्या पैशांत सापडतं. अफूचा परिणाम होत होता, हेही विसरू नये. मूल खरंच शांत होत होतं. शांत झालं म्हणजे बरं झालं, ही गफलत तेव्हापासूनची आहे.

घराघरातली बाळगुटी मी या ओळीत बसवत नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंगेचे दोन-दोन वळसे उगाळून देणाऱ्या आजीला बाळाचं पोट बरं व्हावं एवढंच हवं असतं. तरी त्यातही जायफळाचा वळसा कधी वाढतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. आजच्या घरात जायफळाची जागा अनेकदा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या पातळ औषधानं घेतलेली असते. प्रवासात, लग्नघरात, रात्रपाळीच्या आधी एक चमचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४मध्ये प्रोमेथाझीन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा सक्त इशारा वेष्टनावर छापायला लावला, कारण त्यानं श्वास मंदावून मृत्यू झाले होते. आपल्याकडं डिसेंबर २०२३मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी बजावलं. मानसोपचाराची चिठ्ठी हाती येण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या मेंदूवर काम करणारी औषधं घरात येऊन बसलेली असतात.

आता १९३७ सालाकडं जाऊ. त्या एका वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एमा पेंडलटन ब्रॅडली होम या मुलांच्या रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करत होते. मणक्यातलं पाणी काढून घेणाऱ्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीत फरक पडला नाही, पण शिक्षकांना वेगळंच दिसलं. काही मुलं शांत बसून अभ्यास करू लागली होती. ब्रॅडलींनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर औषध दिलं. १४ जणांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा झाली. मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. मुलांच्या वागण्यासाठी औषध, या वाटेचा आरंभ इथला मानतात. पुढं १९४४मध्ये मिथाइलफेनिडेट तयार झालं आणि आज अतिचंचलता व अवधानदोष, म्हणजे ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात, त्यासाठी जगभर तेच प्रामुख्यानं वापरलं जातं.

त्याच १९३७मध्ये मुंबईत, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये, भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. ही संस्थाच पुढं टाटा समाजविज्ञान संस्था झाली. बालमार्गदर्शनाच्या या चळवळीची रीत अशी होती की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी एकत्र बसून मुलाला समजून घ्यायचं. घरी जायचं, शाळेत जायचं, आईशी बोलायचं, मुलाला खेळताना पाहायचं. मुलाचं वागणं हे त्याच्या डोक्यातून येतं तसं त्याच्या घरातूनही येतं, असं ही रीत मानत होती. १९३७च्या या दोन वाटा एकमेकींच्या वैरी नाहीत. पण पहिलीला दहा मिनिटं पुरतात आणि दुसरीला दहा आठवडे लागतात. गर्दीच्या ओपीडीत कुठली वाट जास्त तुडवली जाणार, हे सांगायला नको.

पहिली वाट किती तुडवली गेली, ते अमेरिकेत फेब्रुवारी २०००मध्ये कळलं. ज्युली झिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ४ वर्षांच्या दोन लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. १९९१ ते १९९५ या काळात या चिमुरड्यांना दिल्या जाणाऱ्या काही मानसोपचार औषधांचं प्रमाण दुप्पट-तिप्पट झालं होतं. त्यातल्या बहुतेक औषधांचा या वयात अभ्यासच झाला नव्हता. बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६०च्या दशकातच अशा मुलांना औषधांच्या जगातली पोरकी मुलं म्हटलं होतं. त्यांच्यावर प्रयोग करणं अनैतिक वाटतं म्हणून अभ्यास होत नाही. अभ्यास नसताना औषध मात्र दिलं जातं. मग प्रत्येक मूल एकट्यानं एक प्रयोग होतं, आणि त्या प्रयोगाची कुणी वहीसुद्धा ठेवत नाही. मला हे नियमानं केलेल्या प्रयोगापेक्षा कितीतरी जास्त अनैतिक वाटतं.

वेष्टनावरचं वय पाहिलं तर ही पोरकेपणाची गोष्ट आणखी स्पष्ट होते. अमेरिकेत अॅम्फेटॅमिनच्या जुन्या औषधांवर ३ वर्षं हे किमान वय छापलं गेलं. मिथाइलफेनिडेटचा अभ्यास त्याहून अधिक झालेला, तरी त्यावर ६ वर्षं. ३ हा आकडा जुन्या काळी, आजच्याएवढा पुरावा न मागता मिळाला आणि तसाच राहिला.

शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं या वयाचा नीट अभ्यास करवला. २००६मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मला तो अभ्यास त्याच्या निकालापेक्षा त्याच्या रचनेमुळं महत्त्वाचा वाटतो. ३ ते साडेपाच वयाची, तीव्र एडीएचडीची ३०३ मुलं घेतली. पण गोळी लगेच दिली नाही. आधी आईवडिलांना १० आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. मुलाला एका वेळी एकच सूचना कशी द्यायची, चांगलं वागलं की लगेच कसं कौतुक करायचं, आरडाओरडा केला की कुठं दुर्लक्ष करायचं, कुठं ठाम राहायचं, हे सगळं. काही मुलांना त्यानंतर गोळीची गरज राहिली नाही, काही पालकांनी नको म्हटलं. उरलेल्या १६५ मुलांना अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करून औषध आणि नकली गोळी आलटून पालटून दिली. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांत होतो त्याहून कमी. त्रास मात्र जास्त. दर १०० पैकी सुमारे ११ मुलांचं औषध चिडचिड, भूक मंदावणं, झोप उडणं, रडारड अशा कारणांनी थांबवावं लागलं. जी वर्षभर औषधावर राहिली, त्यांची उंची अपेक्षेपेक्षा २० टक्क्यांनी आणि वजन ५५ टक्क्यांनी कमी वाढलं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे आकडे किरकोळ म्हणता येत नाहीत.

म्हणून आज इंग्लंडची मार्गदर्शक तत्त्वं पाच वर्षांखालच्या मुलासाठी आधी पालकांचं प्रशिक्षण सांगतात, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय औषध देऊ नका असं म्हणतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही चार-पाच वर्षांच्या मुलासाठी प्रशिक्षण पहिलं आणि औषध नंतर, असा क्रम लावते.

क्रम चुकला की काय होतं, याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९०च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांना बायपोलर आजार असल्याचं निदान फोफावलं. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तरुण आणि लहान रुग्णांच्या डॉक्टरभेटींत हे निदान चाळीसपट वाढलं. हार्वर्डचे जोसेफ बीडरमन हे या विचाराचे मोठे पुरस्कर्ते होते. २००८मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रॅसली यांच्या चौकशीतून पुढं आलं की २००० ते २००७ दरम्यान औषध कंपन्यांकडून त्यांना मिळालेल्या सुमारे १६ लाख डॉलरपैकी बरीच रक्कम त्यांनी विद्यापीठाला कळवली नव्हती. २०१३मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं रिस्पेरिडोनसह काही औषधांच्या प्रचाराबद्दलच्या खटल्यांत २२० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. औषधाला मुलांसाठी मान्यता नसताना मुलांच्या डॉक्टरांपर्यंत त्याचा प्रचार पोचवला, हा त्यातला एक आरोप होता. या सगळ्याच्या मधोमध, डिसेंबर २००६मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या हल या गावी चार वर्षांची एक मुलगी घरातल्या जमिनीवर मेलेली सापडली. अडीच वर्षांच्या आतच तिला एडीएचडी आणि बायपोलर अशी निदानं लावली होती आणि तीन औषधं चालू होती. त्यातल्या झोप आणणाऱ्या क्लोनिडीनची मात्रा जास्त झाली होती. आईवडिलांना २०१०मध्ये खुनाबद्दल शिक्षा झाली. मुलगी शांत व्हावी म्हणून तिला जास्तीच्या गोळ्या दिल्या गेल्या, असं खटल्यात मांडलं गेलं. गिरणगावातली बाळागोळी आणि हलमधली क्लोनिडीन यांच्यात ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे, पण मूल झोपावं एवढीच गरज दोन्हीकडं दिसते.

कुपवाडच्या त्या खोलीत परत येऊ. साडेतीन वर्षांचा मुलगा एका जागी बसत नाही, याचा अर्थ काय काय असू शकतो? पहिली गोष्ट म्हणजे तो साडेतीन वर्षांचा आहे. त्या वयात पळणं हा आजार नव्हे. दुसरी, त्याला नीट ऐकू येतं का? कानात सतत पाणी साचलेलं मूल सूचना ऐकतच नाही आणि हट्टी ठरतं. नाकामागची ग्रंथी वाढलेलं मूल रात्री तोंड उघडं टाकून घोरतं, त्याची झोप मोडते, आणि दिवसा ते चिडचिडं होतं. मोठं माणूस झोप कमी झाली की पेंगतं, लहान मूल उलट जास्त उड्या मारतं. तिसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडलं की अस्वस्थपणा, चिडचिड आणि झोपेत पाय हलवत राहणं वाढतं. अशा मुलाला लोहाचं औषध आधी लागतं.

आणि एक गोष्ट जी या भागातच लक्षात येते. घरी कन्नड बोलणारं मूल मराठी बालवाडीत बसतं. बाई म्हणतात "बस", ते उभं राहतं. बाई म्हणतात "गप्प", ते शेजाऱ्याला ढकलतं, कारण भांडण सोडवायला लागणारे शब्द त्याच्याकडं या भाषेत अजून नाहीत. तपासणी मराठीतच झाली तर ते मूल मागं पडलेलं दिसणार. त्याची भाषा येणारं माणूस तपासणीच्या वेळी शेजारी बसलं तर कदाचित वेगळंच मूल दिसेल.

वयाचा अजून एक फसवा खेळ आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६ ते १२ वर्षांच्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या. तिथं शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर. वर्गातले सगळ्यात लहान, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेले मुलगे, जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक वेळा एडीएचडीचे ठरले होते आणि ४१ टक्क्यांनी अधिक वेळा औषधावर होते. वर्गाच्या मानानं लहान असणं हाच त्यांचा दोष. महाराष्ट्रातही प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरलाच मोजतात. आपल्या नर्सरीत डिसेंबरचं मूल जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं लहान असतं, आणि तीन वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे एक तृतीयांश.

हे सगळं लिहिताना मला एक भीती वाटते, आणि ती मोकळेपणानं सांगते. असं वाचून कुणी म्हणेल, गोळ्या वाईटच, मूल मोठं झालं की सुधारेल. तेही खरं नाही. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातल्या मुलांना सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांत एडीएचडी टिकून होता. वाट बघत बसणं हासुद्धा एक निर्णय आहे आणि त्याचीही किंमत मूलच मोजतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतात पाच ठिकाणी केलेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यात उत्तर गोवाही होता, २ ते ६ वयाच्या ९.२ टक्के मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. त्यात अपस्मार, बहिरेपणा, स्वमग्नता सगळं आलं. ही मुलं खरी आहेत, त्यांचा त्रास खरा आहे.

स्वमग्न असलेलं पाच-सहा वर्षांचं एखादं मूल भिंतीवर डोकं आपटतं, स्वतःचा हात चावून रक्त काढतं. आई रात्रभर त्याचे हात धरून बसते. अशा मुलांसाठी रिस्पेरिडोनचा उपयोग २००२मध्ये नीट तपासला गेला: ५ ते १७ वयाची १०१ मुलं, आठ आठवडे. औषध घेतलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना ठळक आराम पडला, नकली गोळीवर फक्त १२ टक्क्यांना. त्याच आठ आठवड्यांत औषधावरच्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं, बाकीच्यांचं ०.८ किलोनं. स्वतःला जखमी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा सौदा मी नाकारणार नाही. इथं गोळी मुलाच्याच दुःखावर चालते, आणि त्याला बोलता आलं असतं तर त्यानंच ती मागितली असती असं वाटतं. पण हेच औषध नुसत्या हट्टी, चावऱ्या, उशिरा बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला दिलं की हिशेब पालटतो. भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते, आणि न बोलणारं मूल आणखी गप्प होतं. घर शांत होतं, पण त्या शांततेत मुलाला काहीच मिळालेलं नसतं.

आपला कायदा या बाबतीत अर्धा जागा आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अल्पवयीन मुलाला दाखल करण्यावर कडक अटी घालतो: दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचं, पालकानं सोबत राहायचं, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. विजेचे झटके अल्पवयीन मुलाला मंडळाच्या आधीच्या परवानगीशिवाय देता येत नाहीत. मिथाइलफेनिडेट औषध कायद्याच्या परिशिष्ट एक्समध्ये आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची. रिस्पेरिडोनला ही अट नाही. ओपीडीत लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांना पालकाची मान एकदा हलली की पुरतं. आणि पालकाची मान हलण्यात किती संमती असते? समोर डॉक्टर, मागं रांग, खिशात परतीचं भाडं, फाटकावर साहेब. "गोळी नको, दुसरं काही आहे का?" हा प्रश्न विचारायला जी उसंत लागते, ती त्या बाईकडं नसते. पर्याय हाताशी नसेल तर होकाराला संमती म्हणणं कठीण आहे.

म्हणून नैतिकता फक्त डॉक्टरच्या पेनात शोधू नये असं माझं ठाम मत आहे. तरी डॉक्टरनं काही गोष्टी कराव्यात, अशी अपेक्षा आईनं निःसंकोच ठेवावी. गोळी नेमकी कशासाठी आहे, हे त्यानं मराठीत, तिला कळेल असं सांगावं: झोपेसाठी, चावण्यासाठी की लक्षासाठी. किती आठवड्यांत काय बदललं तर उपयोग झाला म्हणायचं आणि नाही बदललं तर कधी थांबवायचं, ते पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावं. सुरू करायच्या आधी मुलाची उंची, वजन नोंदवावं आणि दर वेळी पुन्हा मोजावं. थांबवायचं ते हळूहळू, विचारून. शेजारणीच्या सांगण्यावरून एकदम नव्हे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंसं वाटलं तर त्यात अपमान नाही.

आणि मुलालाही विचारावं. चार वर्षांचं मूल "माझी संमती आहे" म्हणणार नाही, पण "गोळी घेतली की पोटात कसंतरी होतं" एवढं सांगू शकतं. ते गोळी थुंकत असेल, तर नुसती केळ्यात कुस्करून भरवण्याआधी ते का थुंकतं हे पाहावं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांसोबत जमिनीवर बसून बालशिक्षण उभं केलं. जमिनीवर बसल्यावर मुलाच्या नजरेतून दिसतं, खुर्चीवरून फक्त त्याचं डोकं दिसतं.

तपासणीची व्यवस्था कागदावर आपल्याकडं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकानं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचं आणि वाढीत अडचण दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं, अशी त्याची रचना. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर ऑक्टोबर २०२२पासून मानसिक आरोग्याबद्दल फुकट बोलता येतं. पण केंद्राकडं एकदा पाठवणं वेगळं आणि तिथं आठवड्याला दोनदा, वर्षभर, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी जाणं वेगळं.

त्या अमेरिकन अभ्यासातल्या १० आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना मला सारखी कुपवाडची ती आई दिसते. तिच्यासाठी ते १० आठवडे म्हणजे १० खाडे. गोळीला एक खाडा लागतो. मुंबईत १९२९मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला, त्याच्या बाजूनं डॉ. आंबेडकर १९२८मध्ये कायदेमंडळात बोलले होते. १९४८च्या कारखाने कायद्यानं पाळणाघराचं बंधन घातलं, केंद्राच्या प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं ते ५० कामगारांच्या प्रत्येक आस्थापनेपर्यंत नेलं. बाळागोळीच्या प्रश्नाला कायद्यानं दिलेलं उत्तर कारखान्याच्या फाटकाच्या आत होतं. मग हे प्रशिक्षणही तिथंच का नको? पाळणाघरातल्या ताईंना मूल पाहायला शिकवता येईल. महिन्यातून दोनदा, पाळी सुटल्यावर, चहाच्या वेळेला, दहा-बारा आयाबापांना एकत्र बसवून एक प्रशिक्षित माणूस तासभर बोलू शकेल: मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत. मिरजेत डॉक्टर घडवणारं महाविद्यालय आहे, कुपवाडमध्ये फाटकं आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये रिक्षाचा छोटासा रस्ता आहे.